गुरुवारी वीज नसते

गुरुवारी नऊला वीज जाते हे ठाऊक असूनही
मी काच तयार ठेवली होती.
सूक्ष्मदर्शकाचा दिवा विझला.
मग खिडकीपाशी तो जुना, आरशाचा ओढला,
म्हसोबा गेटाकडून येणारं पौषातलं ऊन आरशात धरलं
आणि ज्वारीचा एक परागकोश
आयोडीनच्या थेंबात फोडला.

नियम उलटा वाटतो, पण सोपा आहे:
काळा पडला तो जिवंत,
त्याच्या पोटात पिठाची शिदोरी आहे.
पिवळट, चिमलेला राहिला तो गेला.
चौथ्या ओळीतले सगळे पिवळट.

सगुणा थोपटे दारात उभी.
काखेत कागदी पिशव्या, कानामागे पेन्सिल.
"बाई, त्या ओळीला झालंय काय?
ताट माझ्या डोक्यावरून हातभर.
पोटरीत आली वेळेवर, निसवली वेळेवर."

मी सांगितलं, जमेल तसं.
पेशीत तंतुकणिका असतात, चुलीच म्हण.
साखर जाळतात, त्या जाळावर सगळं चालतं.
पानाला थोडक्यात भागतं, मुळालाही.
पण पराग घडवायचा म्हणजे घरात कार्य काढणं.
परागकोशाच्या आतल्या अस्तरातल्या पेशी
तेव्हा चुली वाढवतात, एकीच्या वीस,
अहोरात्र रांधतात, भरवतात,
आणि पंगत उठली की
स्वतःच विरघळून जातात.
त्यांचाच लेप अंगावर घेऊन कण बाहेर पडतात.

या ओळीच्या चुलींत बारीकशी खोट आहे.
अस्तर वेळेआधीच विरघळतं.
एरवी कळत नाही.
कार्य निघालं की कळतं.

"म्हणजे आमच्या आळीचा डीपी," सगुणा म्हणाली.
"वर्षभर दिवे लागतात.
मांडवाला माळा सोडल्या की उडतो."

एकोणीस वर्षं शिकवतेय,
इतकं नेमकं मला सुचलं नव्हतं.

मग तिनं वहीत डोकावून
एकेक अक्षर लावत वाचलं:
न र वं ध्य.
"नर... वांझ?"
हो.
"असं असतं?"
असतं. म्हणून तर ही ओळ जपतो.
हिला स्वतःचा पराग नाही,
शेजारच्या ओळीचा झटकला
की कणीस भरतं, गच्च.

ती पिशव्या मोजत राहिली.
मोजून झाल्या, परत मोजल्या.
"पानशेतच्या वरच्या अंगाला सहा वर्षं नांदले.
हा शब्द तिथं माझ्याच अंगावर होता.
तपासायला तीनदा आणलं मला,
एसटीनं, उपाशीपोटी.
त्याला एकदाही नाही."

खिडकीतलं ऊन सरकलं होतं.
आरसा फिरवायला हवा होता.
मी फिरवला नाही.

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं,
दर वर्षी पहिल्या बाकावरची मुलं ते उतरवून घेतात:
तंतुकणिका येतात त्या आईकडून,
ही खोटही आईकडूनच येते,
पराग आपल्या चुली उंबऱ्याबाहेर सोडून आत जातो.
खरं आहे. परीक्षेत विचारतात.
सगुणाला मी ते सांगितलं नाही.
पुन्हा एकदा सगळं बाईच्याच नावावर
निदान त्या गुरुवारी
माझ्या तोंडून जायला नको होतं.

ती शेतात गेली.
मेट्रोच्या खांबांची सावली तिसऱ्या ओळीपर्यंत आलेली.
पाचव्या ओळीतल्या कणसाची पिशवी तिनं हळूच उतरवली,
चौथ्या ओळीच्या कणसावर उपडी धरून
टिचकी मारली,
एक, दोन.
तिच्या कोपरापर्यंत पिवळी भुकटी.
हात न पुसताच तिनं पेन्सिल काढली,
पिशवीवर तारीख घातली,
आणि खाली, रोज घालते त्यापेक्षा मोठ्या अक्षरात,
सही.

बटण बंद करायचं राहिलं होतं.
चार वाजता दिवा आपला आपण लागला.
त्यावर काच नव्हती,
खोलीत कुणी नव्हतं.